घरातल्या जुळ्या मुलींची टेलिपथी, फेअर टेस्ट कशी घ्यायची?

गेजवाला

मंडळी, विषय विचित्र आहे पण इथे डोकेबाज लोक बरेच आहेत म्हणून विचारतोय, हसू नका.

माझ्या मावसबहिणीच्या जुळ्या मुली आहेत, आठवीत, सांगलीला असतात. दिवाळीत सगळे आजोळी जमलो होतो तेव्हा त्यांनी एक प्रकार करून दाखवला. पांढऱ्या पुठ्ठ्याचे २५ पत्ते, त्यावर स्केचपेनने काढलेली पाच चित्रं, गोल, अधिकचं चिन्ह, नागमोडी रेघा, चौकोन आणि चांदणी, प्रत्येकी पाच पत्ते. दाजींनी यूट्यूबवर बघून केलेत. थोरली (अकरा मिनिटांनी थोरली!) माजघरात टेबलापाशी बसून एकेक पत्ता उचलते, बघते, पालथा ठेवते, धाकटी तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलेली असते आणि ती चित्र सांगते. २५ पैकी १७ बरोबर. मी स्वतः मोजले. आजी तर डोळे पुसायला लागली आणि मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली.

आता दाजींना चॅनल काढायचंय, आणि मेंदूच्या शक्ती जागृत करून देतो टाइपचा एक क्लासवाला पोरींना जाहिरातीत घ्यायचं म्हणून मागे लागलाय. मी जेवताना सहज म्हणालो की आधी नीट टेस्ट घेऊया, तर सगळ्या पंगतीत शांतता. बहीण म्हणाली, म्हणजे माझ्या पोरी खोटं बोलतात का? तसं मला म्हणायचंच नव्हतं हो.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे इन्स्पेक्टरची परीक्षा घेताना पार्टवरचा नंबर झाकून, क्रम बदलून, तेच पार्ट त्याला परत तपासायला देतात, त्याला कळत नाही की हा मघाचाच आहे. तिथे कुणी चिडत नाही. पण घरात हे कसं करायचं? पोरींवर अन्याय होऊ नये आणि दाजींना नंतर ‘तू मुद्दाम अवघड केलंस’ म्हणायला जागा राहू नये, असं काहीतरी सुचवा. महिन्याभराने परत सांगलीला जातोय.

पत्तेपिसारा

मी हौशी जादूगार आहे, लग्नामुंजीत खेळ करतो, म्हणून आधी माझ्या धंद्यातलं सांगतो. लहानपणी बाजारात गारुड्याचा खेळ बघितलाय ना? पोरगं चादरीखाली झोपलेलं आणि उस्ताद गर्दीतल्या माणसाचं घड्याळ हातात घेऊन विचारतो, जमुरे बता ये क्या है. उत्तर प्रश्नातच असतं. ‘बता’ म्हणजे एक, ‘बोल’ म्हणजे दुसरं, ‘जल्दी बोल’ म्हणजे तिसरं. पॅरिसमध्ये रॉबेर-हूदँ नावाचा जादूगार १८४० च्या दशकात आपल्या मुलाला घेऊन हेच करायचा, लोकांना शब्दांचा संशय यायला लागल्यावर त्याने बोलणं बंद करून नुसती घंटा वाजवायला सुरुवात केली आणि लोक आणखीच चाट पडले. पुढे लंडनमध्ये झॅन्सिग नवराबायकोने यावर पैसा केला.

तुमच्या केसमध्ये पाचच चित्रं आहेत. पाच चित्रांना शब्दसुद्धा लागत नाही, नुसता वेळ पुरतो. पत्ता ठेवायला एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. त्यामुळे पहिला प्रश्न हा की ‘पुढचा’ कोण म्हणतं? थोरली म्हणत असेल किंवा पत्ता ठेवल्याचा टक आवाज हाच इशारा असेल तर टेस्ट तिथेच संपली. वेळ तिसऱ्या माणसाच्या किंवा मोबाइलच्या टायमरच्या हातात पाहिजे, दर ३० सेकंदाला एक बीप, दोघींना एकाच वेळी, पत्ता कुठलाही असो.

दुसरं, स्केचपेन पुठ्ठ्यातून उमटतं. पाठीमागून उजेडात धरून बघा. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ऱ्हाइन नावाच्या संशोधकाने १९३० च्या दशकात टेलिपथी तपासायला याच चित्रांचे पत्ते वापरून हजारो फेऱ्या घेतल्या, आणि पुढे जे छापील पत्ते बाजारात आले त्यातल्या काहींची चित्रं मागूनसुद्धा ओळखू येत होती. तुमच्या धाकटीसमोर भिंतीवर काच लावलेला देवाचा फोटो वगैरे नाही ना? असेल तर हसू नका, मी स्वतः एका खेळात असाच फोटो वापरतो.

माई_इस्लामपूर

तुम्ही लोक सगळ्यात आधी लबाडीच बघता. जुळ्या मुलींचं असतं असं काहीतरी, माझ्या जावेच्या जुळ्यांमध्ये एकाला ताप आला की दुसरा किरकिर करायचा. आणि संशयी माणसं भोवती बसली की अशा गोष्टी होत नाहीत, मन मोकळं लागतं. परदेशात तर याच्यावर प्रयोग होऊन सिद्ध पण झालंय, डोळ्यांवर पिंगपाँगचे अर्धे बॉल लावून करतात तो.

वर्गमूळ

माईंचं एक म्हणणं मला पटतं, ते शेवटी सांगतो. आधी गणित, कारण त्याशिवाय १७ म्हणजे किती हेच कळणार नाही.

पाच चित्रं, २५ पत्ते, नुसतं डोळे मिटून सांगितलं तर सरासरी ५ बरोबर येतात. दोनेक इकडे-तिकडे होतात, म्हणजे ३ ते ७ मध्ये बहुतेक लोक. १० किंवा जास्त येण्याची शक्यता जेमतेम पावणेदोन टक्के. ऐकायला कमी वाटतं पण साठ जणांच्या लग्नात सगळ्यांना बसवलंत तर एखाद्याला १० येणारच आणि तोच दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरणार. १७ मात्र नशिबाने येत नाहीत. त्यामुळे ‘हा योगायोग असेल’ असं दाजींना सांगू नका, तिथे तेच बरोबर आहेत. काहीतरी नक्की पोचतंय, प्रश्न एवढाच की कुठल्या वाटेने.

एक वाट तर कुणाला दिसतच नाही. प्रत्येक पत्त्यानंतर तुम्ही ‘बरोबर’, ‘चूक’ असं ओरडत होतात का? गठ्ठ्यात प्रत्येक चित्र पाचच वेळा आहे, त्यामुळे दर वेळी पत्ता कळत गेला आणि पोरीने नुसता हिशोब ठेवला, चार चांदण्या गेल्या म्हणजे आता चांदणी सांगायची नाही, तर टेलिपथीशिवाय सरासरी ५ ची ८.६५ होते. रमी खेळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. म्हणून टेस्ट संपेपर्यंत निकाल सांगायचाच नाही, आणि गठ्ठा वापरायचाच नाही. ल्युडोचा फासा घ्या, १ गोल, २ अधिक, ३ लाटा, ४ चौकोन, ५ चांदणी, ६ पडले तर परत टाका. स्वतःच्या मनाने क्रम लिहू नका. माणूस एकच चित्र लागोपाठ दोनदा लिहायला घाबरतो, सांगणारापण लागोपाठ दोनदा सांगायला घाबरतो, आणि दोघांच्या या सारख्या खोडीमुळे आकडा उगाच वर जातो.

किती वेळा? १०० घ्या. सरासरी २० येतील. पास होण्याची रेघ ३४ ला मारा, नशिबाने ३४ गाठण्याची शक्यता हजारात एकाहून थोडी कमीच. आणि आता न्यायाची गोष्ट. पोरी म्हणतात २५ पैकी १७, म्हणजे १०० ला ६८. समजा दमल्या, घाबरल्या आणि शंभरातले निम्मेच जमले तरी ५० येतील, ३४ च्या खाली जायचं कारणच नाही. म्हणजे शक्ती असेल तर ती सापडल्याशिवाय राहत नाही. चाळण अशी पाहिजे की खडा अडकेल आणि तांदूळ पडेल, नुसती बारीक जाळी लावून दोन्ही अडकवलं तर त्याला टेस्ट म्हणत नाहीत.

संख्या आधी ठरवा आणि तिथेच थांबा. ‘आत्ता लागतंय, अजून वीस घेऊ’ नाही, ‘आज लागत नाहीये, इथेच सोडू’ पण नाही.

माई, पिंगपाँगच्या बॉलचा तो गान्झफेल्ड प्रयोग. दुसऱ्या खोलीतला माणूस जे चित्र बघतोय ते चारांतून ओळखायचं, नशिबाने २५ टक्के, बेम आणि ऑनर्टन या संशोधकांनी १९९४ मध्ये ३२ टक्के दाखवले होते. १९९९ मध्ये मिल्टन आणि वाइजमन यांनी नंतरचे ३० अभ्यास एकत्र केले तर तो फरक उरला नाही. वाद अजून चालू आहे, पण चालू द्या, ३२ आणि २५ मधला फरक बघायला शेकडो फेऱ्या लागतात. १७ चा दावा एका दुपारीत तपासता येतो. बाकी मन मोकळं लागतं हे खरं, घाबरलेल्या मुलाला पाढेसुद्धा येत नाहीत, म्हणून पोरींना आवडतं ते सगळं ठेवा, आजी शेजारी हवी असेल तर आजी ठेवा. फक्त त्या आजीला पत्ता माहीत नको.

सदाशिवात_न_राहणारा

आजीला पत्ता माहीत नको, याच्यावर दोन शब्द. नंदीबैलवाला ‘पाऊस पडंल का?’ विचारतो आणि बैल मान हलवतो ते आपल्याला माहीत आहे, तिथे मालकाला सगळं ठाऊक असतं. पण बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, गणिताचं उत्तर खूर आपटून द्यायचा, आणि त्याचा मालक फॉन ऑस्टेन अगदी सरळ माणूस. पैसे घेत नव्हता, इशारे करत नव्हता. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. बरोबर आकड्याला खूर पोचलं की विचारणाऱ्याची मान कळत-नकळत हलायची, घोडा तेवढं बघून थांबायचा. त्यामुळे तुमच्या बहिणीला हे आधी सांगा की टेस्ट नापास होणं म्हणजे पोरी खोटारड्या असं नाही. कित्येकदा करणाऱ्यालाच माहीत नसतं आपण काय करतोय.

उलट पण घडलंय. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये क्रीरी नावाच्या पाद्र्याच्या मुली होत्या, मोठमोठ्या प्रोफेसरांनी त्यांना तपासून खऱ्या ठरवलं, १८८७ मध्ये दोघी खुणा करताना सापडल्या. समोर असताना नजर वर-खाली, मध्ये पडदा लावला तर पाय घासणं, खोकणं. विद्वान माणूस निसर्गाला तपासायला सरावलेला असतो, निसर्ग खोकत नाही. पत्तेपिसारांना बरोबर घेऊन जाता आलं तर बघा.

आणि कागदावर लिहून घ्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे पुण्यात २००८ साली नारळीकर सरांनी दाभोलकर, कुंटे आणि घाटपांडे यांच्याबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली होती. २०० पत्रिका, १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवायच्या आणि कोणती कुठली ते सांगायचं. ४० पैकी २८ आले तर यश, हे आधीच जाहीर केलेलं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली, सगळ्यात जास्त आले २४. २८ ही रेघ आधी मारलेली नसती तर २४ वाल्याने केवढी मिरवणूक काढली असती विचार करा!

तुमच्या कागदात हे पाहिजे: किती फेऱ्या, पास किती, कोण कुठे बसणार, मोबाइल कुणाचे कुठे. ‘आज बरं वाटत नाही’ हे सुरू करायच्या आधी म्हणता येईल, संपल्यावर नाही. ‘एक आधीचा लागला’, ‘लाटा म्हणाली पण मनात गोल होता’ हे धरायचं नाही. आणि मेन म्हणजे पोरींनाच विचारा, मध्ये भिंत आली तर चालतं का? दुसऱ्या खोलीतून येतं का? त्या हो म्हणाल्या तरच तसं करा. त्यांनी स्वतः मान्य केलेली अट नंतर अवघड वाटत नाही. कॅमेरा लावा पण व्हिडिओ तुमच्याकडेच ठेवा, तेरा वर्षांच्या मुलींची फजिती जगाला दाखवायची नाही.

पत्तेपिसारा

मोबाइलवरून आठवलं. १९५० च्या दशकात वेल्समधल्या दोन शाळकरी मुलांवर असाच मोठा प्रयोग झाला, मुलं भराभर बरोबर सांगायची, मध्ये खुणा करताना पकडलीही गेली तरी प्रयोग पुढे चालूच. नंतर हॅन्सेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शंका काढली की कुत्र्यांना बोलवायची बारीक शिट्टी वापरली असेल, तो आवाज पोरांना ऐकू येतो, वय झालेल्या परीक्षकांना येत नाही. शिट्टी काही सापडली नाही, नुसती शक्यता. पण तपासणाऱ्यांत एकतरी शाळकरी पोरगं असू द्या.

गेजवाला

काल सांगलीहून आलो, सांगतो काय झालं ते. लांबलंय, वाचा सावकाश.

कागद केला, वहीचं पान, आठ ओळी. पोरी स्वतः म्हणाल्या मामा भिंत असली तरी चालतं, आम्ही शाळेत वेगवेगळ्या वर्गातूनपण करतो. दाजींना ३४ ऐकून हसूच आलं, म्हणाले चाळीसच लिही की. मी ३४ च ठेवलं. सही दाजींची, बहिणीची, दोघी पोरींची आणि माझी.

आधी नेहमीसारखं करून घेतलं, माजघरात, पाठ करून, कुठलीही अट नाही. २५ पैकी १६. हे मुद्दाम, म्हणजे आज शक्ती चालू आहे यावर सगळ्यांचं एकमत. पत्ते उजेडात धरून बघितले, स्केचपेन अगदी थोडं दिसतं, म्हणून पुढच्यासाठी जाड पुठ्ठ्याचे पाच नवीन पत्ते केले. देवाचा फोटो होता! पण बऱ्याच वर, त्यात टेबल दिसत नव्हतं, मी स्वतः खाली बसून बघितलं.

मग खरी टेस्ट. थोरली माडीवर, तिच्याबरोबर माझी बायको. फासा स्टीलच्या वाटीत टाकायचा, आकडा लिहायचा, तो पत्ता थोरलीसमोर धरायचा. धाकटी खाली परसदारच्या खोलीत, तिच्याबरोबर शेजारचा सहावीतला मुलगा, त्याला कशातलंच काही माहीत नाही, कागदावर चित्र लिहून घ्यायचं एवढंच. दोन टायमर एकत्र सुरू केलेले, दर ३० सेकंदाला बीप. बाकी सगळ्यांचे मोबाइल तांदळाच्या रिकाम्या डब्यात आणि मी जिन्यात, म्हणजे कुणी वर-खाली करायला नको. ५० झाल्यावर भेळ, मग परत ५०. भेळेच्या वेळी कुणी काही विचारायचं नाही असं ठरलं होतं, आजीने विचारलंच, पण सांगायला कुणालाच काही माहीत नव्हतं.

दोन्ही कागद सगळ्यांसमोर शेजारी ठेवून दाजींनीच टिका केल्या. २१.

दाजी दोनदा मोजून गप्प बसले. बहीण म्हणाली अंतर जास्त झालं असेल. थोरली रडवेली झाली, ते मला बघवेना. मग मी म्हटलं टेस्ट संपली, कागद फाडूया, आता नुसतं खेळू. परत माजघरात बसवलं, तेच टेबल, तीच पाठ, फक्त धाकटीला हेडफोन लावून पावसाचा आवाज सोडला, बारीक नाही, मोठा, आणि पुढचा पत्ता उचलला की तिच्या खांद्यावर मी टिचकी मारणार. २५ पैकी ४. हेडफोन काढला. १७!

आता यात खांद्यावर मारणारा मी होतो आणि मला पत्ता दिसत होता, तो माझा घोळ, वर्गमूळ ओरडतील. पण माझ्याकडून काही जात असतं तर ४ आले नसते.

रात्री गच्चीवर धाकटी आपणहून आली. म्हणाली मामा, हेडफोन लावला की ताई ऐकू येत नाही. मी म्हटलं ताई तर बोलतच नाही. तर म्हणाली बोलत नाही पण चांदणीला ती श्वास घेते. लाटांना पाय हलवते, खुर्ची वाजते. मी विचारलं तुम्ही ठरवलंय का हे? तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडा. ठरवलं काय मामा, ती आधीपासून अशीच आहे ना. थोरलीला हे अजिबात माहीत नाही, तिला अजूनही वाटतंय ती डोक्यातून चित्र पाठवते.

दाजींनी क्लासवाल्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून कळवलंय, मुलींच्या परीक्षा आहेत असं कारण देऊन. चॅनलचं अजून ठरत नाहीये.

माई_इस्लामपूर

पाठीमागे बसलेल्या बहिणीचा श्वास ओळखते पोरगी आणि तुम्ही २१ आले म्हणून वही मिटून बसलात? मला तर हे टेलिपथीपेक्षा मोठं वाटतं.

वर्गमूळ

माई, यावेळी पूर्ण सहमत. टिचकीचं ओरडणं नंतर. आधी गेजवाले हे सांगा, गोल आणि अधिकमध्ये ती चुकते का? १७ बरोबर, मग उरलेले ८ कुठले?

गेजवाला

कागद समोरच आहे. आठांपैकी सात गोल-अधिकमध्येच. चांदणी एकदाही चुकलेली नाही. चौकोनाचं विचारलं तर म्हणाली, चौकोनाला ताई काहीच करत नाही, त्यावरूनच कळतं.